तैवानी न्याहारीचा फान-थ्वान : आतल्या तळलेल्या कांडीशिवाय त्याला अर्थ आहे का?

शिंचूकर (धागालेखक)

तैवानमधल्या शिंचू शहरात मी गेली चार वर्षे राहत आहे. १९८० मध्ये सुरू झालेल्या इथल्या सायन्स पार्कमुळे आणि दोन मोठ्या विद्यापीठांमुळे मराठी माणसे अधूनमधून भेटतात, आणि भेटली की दहा मिनिटांत बोलणे खाण्यावर येते. त्यात एक वाद हमखास उभा राहतो. तो मिटवण्याची माझी इच्छा नाही, पण नीट मांडावा असे वाटले म्हणून हा धागा. (चिनी शब्द माझ्या कानाला जसे ऐकू येतात तसे लिहिले आहेत. जाणकारांनी सुधारावेत.)

फान-थ्वान म्हणजे चिकट तांदळाच्या वाफवलेल्या भाताची, आत सारण भरून वळलेली, मुठीपेक्षा मोठी लांबट वळकटी. ती सकाळीच खायची असते. माझ्या घरापासून चार मिनिटांवर, स्कूटर दुरुस्तीच्या एका दुकानाच्या बंद शटरसमोर, साडेपाच ते साडेदहा एवढा वेळ चालणारे एक दुकान आहे. दुकान म्हणजे चाके लावलेला स्टीलचा गाडा, त्यामागे दोन घडीची टेबले आणि सहा प्लास्टिकची स्टुले. गाड्याच्या उजव्या अंगाला लाकडी फळ्यांचे, जाड झाकणाचे पिंप असते आणि त्यात भात असतो. लाकूड जास्तीची वाफ शोषून घेते, त्यामुळे भात तासन्‌तास गरम राहूनही त्याला पाणी सुटत नाही. डावीकडे छोटी कढई. मध्ये सारणाचे डबे.

मालकीणबाई साठीच्या असाव्यात. त्या मला ‘श्वाय-क’ म्हणून हाक मारतात. त्याचा अर्थ ‘देखण्या तरुणा’ असा होतो. पहिल्या आठवड्यात मी ते मनावर घेतले होते. मग एके दिवशी रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या सत्तरीच्या आजोबांनाही त्यांनी तसेच पुकारले आणि माझा भ्रम फिटला. तैवानमधल्या न्याहारीच्या दुकानांत ही सार्वत्रिक रीत आहे, हे नंतर कळले.

त्यांचे हात पाहत उभे राहणे हा माझ्या सकाळचा ठरलेला कार्यक्रम आहे. डाव्या तळव्यावर दुमडलेला सुती पंचा, त्यावर प्लास्टिकची पातळ पिशवी, तिच्यावर पिंपातून काढलेला भात. ओल्या उलथन्याच्या पाठीने तो भात त्या बोटभर जाडीचाही राहणार नाही इतका पसरतात. मग खारवून वाळवलेल्या मुळ्याचा परतलेला चुरा, मोहरीच्या पाल्याचे आंबट लोणचे, आणि ‘रोउ-सुंग’ नावाचा डुकराच्या मांसाचा कोरडा, गोडसर पिंजलेला कापूस, जो प्रथम पाहताना म्हातारीच्या कापसाला कोणी तपकिरी रंग दिला असावा असे वाटते. अंडे हवे असल्यास ‘च्या तान’ म्हणायचे, की पातीचे आम्लेट किंवा सोयासॉसमध्ये मुरवलेले उकडलेले अंडे आत जाते. हे सगळे घालत असताना कढईत यो-थ्याओ पडलेला असतो. मैद्याच्या फुगवलेल्या पिठाच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून, मध्ये काडीने दाबून तळलेली ही लांबट कांडी आतून जवळजवळ पोकळ असते आणि तिला गोडी नसते. ती सकाळी एकदा तळून झालेली असते. गिऱ्हाईक आले की तिला पुन्हा तेलात टाकतात, ती आणखी गडद आणि कडक होते, मग मोडून सारणाच्या वर ठेवतात. लगेच पंचासकट वळकटी, दोन्ही हातांनी एक जोराचा दाब, पिशवीच्या टोकांना पीळ. झाले. सगळा व्यवहार पाऊण मिनिटाचा, किंमत ४५ तैवानी डॉलर, म्हणजे सव्वाशे रुपयांच्या आसपास.

पहिल्या दिवशी मी पिशवी पूर्ण काढून टाकली आणि निम्मे सारण शर्टावर घेतले. पिशवी हे या पदार्थाचे साल आहे, आणि केळ्याप्रमाणे ते वरून थोडे थोडे सोलत खाली जायचे असते. पहिल्या घासाला फक्त भात लागतो, दुसऱ्याला मुळा. तिसऱ्या घासाला दात त्या कांडीत शिरतात आणि कानात आवाज होतो. माझ्या मते फान-थ्वानचा जन्म त्या आवाजासाठी झाला आहे. बाहेर इतका मऊ, चिवट, उबदार भात आणि त्याच्या पोटात कुरकुरीत काहीतरी, ही गोष्ट फार तर दहा मिनिटे टिकते. म्हणून हा पदार्थ दुकानाजवळच, जमल्यास त्या स्टुलावर बसूनच खायला हवा.

माझे नागपूरचे एक सहकारी हे मान्य करत नाहीत. त्यांच्या मते यो-थ्याओ हे पोट भरण्याचे भरताड आहे, आणि फान-थ्वानची चव ठरते ती भातावर आणि मुळ्यावर. त्यांनी गेल्या आठवड्यात माझ्यासमोर कांडी न घालता एक मागवला आणि आनंदाने खाल्ला. मला तो विनाफोडणीच्या आमटीसारखा वाटला. तुमचा अनुभव काय आहे?

मोदकपात्र

वर्णन वाचून सकाळी सकाळी भूक लागली. मी तैवानला कधी गेले नाही, पण पुण्यात करून पाहण्याचा विचार आहे. चिकट तांदूळ म्हणजे आपला इंद्रायणी किंवा आंबेमोहोर चालेल का? दोन्ही चांगले चिकटतात.

शिंचूकर

मोदकपात्र ताई, चालणार नाही, असे स्पष्टच सांगतो, कारण मी ते करून फसलो आहे. तांदळाच्या पिठूळ भागात दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. बासमतीत अमायलोज बरेच असल्याने दाणा मोकळा राहतो. इंद्रायणीत ते कमी असते, म्हणून भात मऊ आणि थोडा चिकट होतो. इथल्या ‘नुओ-मी’ तांदळात मात्र ते जवळजवळ नसतेच. कच्चा दाणाही पाहून ओळखता येतो, कारण तो काचेसारखा अर्धपारदर्शक नसून खडूसारखा पांढरा असतो. हा तांदूळ पाण्यात शिजवत नाहीत. रात्रभर भिजवून, निथळून, नुसत्या वाफेवर शिजवतात. इंद्रायणी वळला की त्याचा गोळा होतो आणि दाणे एकमेकांत विरून जातात. नुओ-मीचा प्रत्येक दाणा वेगळा दिसतो आणि तरीही शेजाऱ्याला सोडत नाही. दाताखाली तो किंचित उसळी मारतो. या गुणासाठी तैवानमध्ये ‘क्यू’ असा एकाक्षरी शब्द आहे, आणि उत्तम असल्यास तो दोनदा म्हणतात.

त्यातही लांब दाण्याचा आणि गोल दाण्याचा असे दोन प्रकार मिळतात. गोल दाणा अधिक चिकट असल्याने गोड पदार्थांसाठी जातो, आणि फान-थ्वानला लांब दाणाच लागतो. काही गाड्यांवर काळा चिकट तांदूळ मिसळून केलेला जांभळा भातही असतो. त्याला किंचित टरफलासारखा चावा असतो आणि मला तो पांढऱ्यापेक्षा अधिक आवडतो.

भारतात शोधायचे असेल तर आसामचा बोरा तांदूळ मागवा. तो याच जातकुळीचा आहे.

घाटावरचा

हा तर जपानी ओनिगिरीचाच प्रकार दिसतो. तैवानवर जपानचे राज्य होते, तेव्हा तिकडूनच आला असणार. त्यात इतके वेगळे काय आहे?

शिंचूकर

जपानचे राज्य १८९५ ते १९४५ होते हे खरे, आणि ओनिगिरीही इथे आहेच. कोणत्याही कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये, थंड कपाटात, समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेला तो त्रिकोण मिळतो, आणि त्याच्या नावातही ‘फान-थ्वान’ हे शब्द आहेत, त्यामुळे घोटाळा होतो. पण तो साध्या जपानी तांदळाचा असतो, नुओ-मीचा नव्हे, आणि गार खाल्ला तरी चालतो. फान-थ्वान गार झाला की त्यातला रस निघून जातो. खरा वंश कुठला, हे इथल्या ‘जुनी वही’ यांना अधिक चांगले सांगता येईल. ते तैपेईत बरीच वर्षे होते.

जुनी वही

बोलावल्याबद्दल आभार. मी २००९ ते २०१६ तैपेईत होतो आणि नदीपलीकडच्या योंग-ह भागात राहत होतो, त्यामुळे या विषयावर थोडे अधिकाराने लिहितो. तैवानमध्ये ‘योंग-ह’ हे नाव आणि सोयाबीनचे दूध यांची इतकी गाठ पडली आहे की बेटाच्या दुसऱ्या टोकालाही दुकानांच्या पाट्यांवर ते दिसते, जसे आपल्याकडे कुठल्याही गावात ‘कोल्हापुरी’ खानावळ दिसते.

भातात यो-थ्याओ गुंडाळण्याची रीत यांगत्सेच्या दक्षिणेकडची, शांघाय आणि त्याच्या आसपासची. तिथे त्याला ‘त्स-फान’ म्हणतात, आणि मूळ रूप अगदी साधे आहे. भात, कांडी, आणि थोडे लोणचे किंवा साखर. १९४९ मध्ये चीनमधल्या यादवी युद्धात हरलेले सरकार तैवानला आले तेव्हा त्याच्यामागून दहा लाखांहून अधिक माणसे आली. त्यांत सैनिक पुष्कळ. पुढे नोकरी सुटलेल्या, घर तिकडेच राहिलेल्या या माणसांपैकी अनेकांनी गावाकडची न्याहारी विकायला सुरुवात केली, आणि १९५० च्या दशकात योंग-हच्या पुलाच्या तोंडाशी अशी दुकाने उभी राहिली. त्यांत शानतुंगसारख्या उत्तरेकडच्या प्रांतांतलेही लोक होते, ज्यांना पिठाचे काम घरचे होते. म्हणूनच एकाच दुकानात भाजलेली तिळाची पोळी, यो-थ्याओ, सोयाबीनचे दूध आणि दक्षिणेकडचा फान-थ्वान, असे सगळे मिळते. चीनमध्ये हे पदार्थ एका छपराखाली आले असतेच असे नाही.

त्यात पिठाचा प्रश्न होता. तैवान भाताचे बेट, गहू फारसा पिकत नाही. पण १९५१ ते १९६५ या काळात अमेरिकेची मदत येत होती आणि त्यात गहू भरपूर असे. पिठाची रिकामी पोती फुकट घालवायची नाहीत म्हणून त्यांच्या चड्ड्या शिवत, आणि त्यावरचे मदतीचे छापील शिक्के तसेच दिसत, ही आठवण तिथले वयस्क लोक हसत सांगतात. आपल्याकडच्या ज्येष्ठांना पीएल-४८० चा गहू आठवत असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. यो-थ्याओ रस्तोरस्ती स्वस्त होण्यामागे त्या पिठाचा वाटा आहे.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. शिंचूकर यांचे सहकारी इतिहासाच्या दृष्टीने चुकीचे आहेत, कारण कांडी हीच सुरुवात होती. पण चवीच्या दृष्टीने ते अगदीच चुकीचे नाहीत. वाळवलेला मुळा, ज्याला तिथल्या होक्किएन बोलीत ‘छाय-पो’ म्हणतात, हा तैवानच्या मातीतला आहे. भाताचे पीक निघाले की हिवाळ्यात त्याच शेतात मुळा लावायचा, उपटून मीठ चोळायचे, दिवसा उन्हात पसरायचे आणि रात्री दगडाखाली दाबून पाणी काढायचे. असे कित्येक दिवस. हक्का लोकांची (दक्षिण चीनमधून तैवानला येऊन वसलेला एक समाज) यात विशेष ख्याती आहे, आणि शिंचूच्या आसपास हक्का वस्ती मोठी आहे, तेव्हा शिंचूकरांना उत्तम छाय-पो मिळत असणार. शांघायच्या पदार्थात हा मुळा शिरला तेव्हा तो तैवानी झाला, असे माझे मत आहे.

थोडे विषयांतर करतो. यो-थ्याओच्या दोन पट्ट्या जोडलेल्या का असतात, याची एक दंतकथा आहे. सुंग राजवटीत युए फेइ या शूर सेनापतीला छिन ह्वेइ नावाच्या प्रधानाने कारस्थान करून मारवले. ते साल ११४२. संतापलेल्या लोकांनी प्रधान आणि त्याची बायको यांच्या कणकेच्या बाहुल्या पाठीला पाठ लावून तेलात तळल्या. खरे-खोटे कोण जाणे, पण दोन पट्ट्या अजूनही एकमेकींना चिकटूनच तळतात, आणि मोडल्याशिवाय कोणी खात नाही.

शिंचूकर

फार छान माहिती. दोनदा तळलेल्या यो-थ्याओला ‘लाओ यो-थ्याओ’, म्हणजे ‘जुना यो-थ्याओ’ म्हणतात, हे सांगायचे राहिले होते. हाच शब्द माणसालाही लावतात. कार्यालयात जो अनेक पावसाळे पाहून निबर झालेला असतो, ज्याला कोणी पकडू शकत नाही, तो लाओ यो-थ्याओ. आपण ‘मुरलेला’ म्हणतो. त्यांनी तळला आणि आपण मुरवला एवढाच फरक.

निरामिष

मी तायचुंगमध्ये दोन वर्षे शिकायला होते आणि पूर्ण शाकाहारी आहे. वरचे सगळे वाचून शाकाहारी वाचकांना वाटेल की हा पदार्थ आपल्यासाठी नाही, म्हणून लिहिते. उलट तैवानमध्ये शाकाहारी न्याहारी शोधणे मला युरोपपेक्षा कितीतरी सोपे गेले. बौद्ध आणि यिक्वान-ताओ पंथाचे लोक मोठ्या संख्येने मांस खात नाहीत, आणि शाकाहारी खानावळीच्या पाटीवर स्वस्तिक काढलेले असते. पहिल्यांदा पाहिल्यावर आपल्या नजरेला ते उलटे वाटते, पण दोन दिवसांत डोळे शंभर मीटरवरून तेच शोधू लागतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तर एरवी मांस खाणारेही अनेकजण शाकाहार करतात, त्या सकाळी या गाड्यांवर रांग अधिक असते.

शाकाहारी फान-थ्वानमध्ये रोउ-सुंगच्या जागी सोयाबीनचा पिंजलेला कापूस घालतात, सोबत परतलेले कोरडे तोफू आणि कधी समुद्री शेवाळाचा चुरा. कांदा-लसूण नसतो, कारण कडक शाकाहारात पाच उग्र भाज्या वर्ज्य मानतात. त्यांत कांदा, पात, लसूण हे सारे येते. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या आजीला फोनवर हे सांगितले तेव्हा तिला ते लोक एकदम जवळचे वाटू लागले. लसणाची उणीव भरून काढायला ‘श्यांग-छुन’ नावाच्या झाडाच्या कोवळ्या पानांची तेलातली चटणी घालतात. तिचा वास उग्र आहे, आणि मला ती फार आवडली. पाकिटबंद पदार्थांवरही शाकाहाराचे प्रकार वेगवेगळे छापलेले असतात, अंडे-दूध चालणारा, उग्र भाज्या चालणारा, असे. ते वाचायला शिकून घ्यावे.

मात्र साध्या, स्वस्तिक नसलेल्या गाड्यावर सावध राहावे लागते. सुरुवातीला मी ‘मांस नको’ एवढेच सांगत असे. एका दुकानात मालकाने समजूतदारपणे मान डोलावली, रोउ-सुंग घातला नाही, आणि मी दोन महिने समाधानाने खात राहिले. नंतर कळले की मुळा ते डुकराच्या चरबीत परतत होते. त्यांची चूक नव्हती, मी अर्धवट विचारले होते. त्यानंतर ‘वो छ सू’, म्हणजे ‘मी शाकाहार पाळते’, हे तीन शब्द म्हणू लागले, आणि त्याचा अर्थ तिथे पुरा समजतो. अनेक ठिकाणी मग विनम्रपणे ‘आमच्याकडे नाही’ असे सांगत. तेही बरेच.

कांडीबद्दल माझे मत शिंचूकरांच्या बाजूने आहे. आमच्या सारणात मांसाची चव नसते, तेव्हा तळणीचा कुरकुरीतपणाच सगळा भार उचलतो.

आणि गोड फान-थ्वानचा कोणी उल्लेखच कसा केला नाही? भात, कांडी, साखर आणि भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट. बस्स. युनलिन भागातला शेंगदाणा तिथे नावाजलेला आहे. पहिला घास खाल्ला आणि मला भोगीनंतरचा स्वयंपाकघरातला वास आठवला. शेंगदाण्याचे कूट घालून पदार्थ करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला तैवानमध्ये परके वाटण्याचे कारण नाही.

खाडीपलीकडे

मी कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोजवळ राहतो. इथे तैवानी वस्ती जुनी आणि मोठी असल्यामुळे शनिवार-रविवारी फान-थ्वान मिळतो, किंमत मात्र ऐकून शिंचूकरांना घेरी येईल. मी धाग्यातल्या सर्वांशी असहमत होण्यासाठी लिहीत आहे.

आमचे घर दुकानापासून चाळीस मिनिटांवर आहे. बायको-मुलांसाठी घेऊन घरी येईपर्यंत कांडीचा आवाज संपलेला असतो. सुरुवातीला मीही हळहळलो. पण त्या चाळीस मिनिटांत काय घडते ते पाहा. भाताची वाफ आत कोंडते, मुळ्याचे खारट पाणी आणि लोणच्याचा आंबटपणा त्या पोकळ कांडीत शिरतो, आणि ती एखाद्या स्पंजासारखी तो सगळा रस धरून ठेवते. मग ती कुरकुरीत नसते, चिवट असते, आणि तिच्यात पूर्ण सारणाची चव उतरलेली असते. दही शोषून घेतलेला वडा आपण बिघडलेला वडा मानतो का? कटात बुडालेली शेव आपण टाकून देतो का? तळलेली वस्तू भिजल्यावर वाया गेली असे म्हणणे मराठी माणसाला शोभत नाही.

जुनी वही

खाडीपलीकडे, तुमचा दहीवड्याचा दाखला बिनतोड आहे, आणि त्याला तैवानमध्येच आधार आहे. खारट सोयाबीन दुधाच्या वाडग्यात यो-थ्याओचे तुकडे मुद्दाम भिजू देतात. तो पदार्थ मराठी जिभेची परीक्षा घेणारा आहे. गरम दुधात व्हिनेगर घालून ते फाडतात, वर सुकी कोलंबी, लोणच्याचे तुकडे, पात आणि मिरचीचे तेल. समोर आल्यावर ‘दूध नासले आहे’ हाच पहिला विचार येतो. माझ्या आईने तैपेईला आल्यावर तो वाडगा हळूच माझ्याकडे सरकवला होता. आठवडाभराने मात्र तिनेच पुन्हा मागवला. फान-थ्वानसोबत मी मात्र ‘मी-च्यांग’ घेत असे, तांदूळ आणि खरपूस भाजलेले शेंगदाणे वाटून केलेले तपकिरी, दाट पेय. दोन्ही एकत्र घेतल्यावर दुपारच्या जेवणाची आशा सोडावी लागते.

शिंचूकर

भिजलेल्या शेवेचा मुद्दा मला गप्प करतो, तरी पूर्ण हार मानत नाही. मिसळीतही वरून घातलेली शेव पहिल्या दोन घासांना कुरकुरीतच हवी असते. ती शेवटी भिजते, सुरुवातीला नव्हे. फान-थ्वानचा भिजलेला शेवट मला चालेल, पण सुरुवातही भिजलेली असेल तर मी काय गमावले हे मला कळणारच नाही.

यासंबंधी एक निरीक्षण. मे-जूनमध्ये इथे संततधार असते आणि हवेत इतका दमटपणा असतो की कांडी तासाभरात मऊ पडते. त्या दिवसांत मालकीणबाई एरवीपेक्षा अधिक वेळ ती तेलात ठेवतात, जवळजवळ करपेपर्यंत. दोन गल्ल्या पलीकडे दुसरा एक गाडा आहे. तिथे भात अधिक चांगला आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो, पण तिथे कांडी सकाळी आली तशीच घालतात, पुन्हा तळत नाहीत. तिथे रांग नसते. याहून अधिक पुरावा मला देता येणार नाही.

मोदकपात्र

केले एकदाचे! सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्यांचा वेळ वाचेल.

बोरा तांदूळ ऑनलाइन मागवला. रात्री भिजत घातला, सकाळी निथळला, आणि नावाला जागून मोदकपात्रातच वाफवला. भांड्यात कापड पसरून त्यावर तांदूळ, मध्ये बोटाने चार-पाच भोके पाडली म्हणजे वाफ वर येते. पंधरा मिनिटांनी पाण्याचा हबका मारून उलथला, पुन्हा पंधरा मिनिटे. दाणा खरोखर वेगळा आणि चिकट झाला. इंद्रायणीचा मुद्दा मी मागे घेते.

मुळा मात्र पुण्याच्या जानेवारीतल्या उन्हात सुरेख वाळला. जाड काप करून मीठ चोळले, रात्री वरवंट्याखाली दाबले, दिवसा गच्चीवर सांडग्यांच्या शेजारी ठेवले. पाचव्या दिवशी पिवळसर झाला आणि वास बदलला. बारीक चिरून, एकदा पाण्यातून काढून, तेलावर लसूण आणि चिमूटभर साखर घालून परतला. सासूबाईंनी तोच भाकरीबरोबर खाल्ला आणि फान-थ्वानसाठी अर्धाच उरला.

कांडीची गंमत झाली. पहिल्या वेळी कंटाळा केला आणि खारी घातली. दाबल्याबरोबर तिचा भुगा झाला आणि तोंडात फक्त वनस्पती तुपाची चव राहिली. दुसऱ्या वेळी कडक चकलीचे तुकडे घातले. आवाज झाला, पण चकली भरीव असते, तिच्यात हवा नसते, त्यामुळे भातात खडे आल्यासारखे लागले. तिसऱ्या वेळी मुकाट्याने मैद्याचे भटुऱ्यासारखे पीठ मळले, पट्ट्या जोडून तळल्या, तासाभराने पुन्हा तळल्या. तेव्हा जमले. म्हणजे शिंचूकर म्हणतात ते आणि त्यांचे सहकारी म्हणतात ते, दोन्ही मी खाऊन पाहिले, कारण मुलीने कांडी काढून मला दिली आणि नुसता भात-मुळा खाल्ला. तिला तसाच आवडला. मला नाही.

वळताना मात्र फार त्रास झाला. भात हाताला, पिशवीला, सगळीकडे चिकटला, आणि एक वळकटी मधोमध फुटली.

निरामिष

ताई, सारण कमी घाला. पहिल्या प्रयत्नात सगळ्यांचीच फुटते. आणि उलथने दर वेळी पाण्यात बुडवायचे. पिशवीच्या आतून तेलाचे एक बोट फिरवले तरी चालते.

शिंचूकर

आणि पंचा विसरू नका. पिशवीखाली कापड नसेल तर गरम भात नीट दाबताच येत नाही, हात भाजतो आणि आपण घाईने सैल वळतो. उरलेला भात फ्रिजमध्ये दगड होतो. तो पाण्यात न घालता पुन्हा वाफेवरच ठेवावा. इथे घरोघरी तातुंगचा विजेचा कुकर असतो, १९६० पासून जवळजवळ त्याच रूपात, बाहेरच्या भांड्यात अर्धा कप पाणी घालून खटका दाबायचा की काम होते. तुमचे मोदकपात्र तेच करील.

खाडीपलीकडे

मोदकपात्रातले कापड ओले घ्यायचे की कोरडे? इथे उद्या सकाळी प्रयोग आहे, आणि तांदूळ आत्ताच भिजत घातला आहे.

मोदकपात्र

ओले करून घट्ट पिळलेले. कोरड्या कापडाला तळचा थर चिकटतो, आणि मग तो थर आपणच उभ्याने खाऊन टाकतो.